बाहीवरचा डाग

तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात. मिस्त्रीची बायको म्हणून हे नाव पडलं, तेव्हा त्यात थोडी थट्टा होती. गेली दोन वर्षं गॅरेजातले पाने तिच्याच हातात आहेत. थट्टा कधीतरी गळून गेली आणि नाव तेवढं राहिलं.

तिचा दिवस गॅरेजात सुरू होत नाही. तो घरी, न्हाणीघरातल्या स्टुलापाशी सुरू होतो. नवऱ्याची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अचानक गेली. त्याला स्टुलावर बसवायचं, पाणी घालायचं, पुसायचं, दाढी करायची. उजवा हात आधी बाहीत घालायचा, मग डावा. सहा बटणं. सदरा पांढरा नाहीतर फिकट निळा, आणि इस्त्रीचा. "वहिनी, गॅरेजात पांढरा सदरा? दादा काय लग्नाला निघालाय?" असं दिरानं एकदा हसून विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मळक्या कपड्यातल्या आजारी माणसाला लोक विचारतात, तब्येत कशी आहे. स्वच्छ कपड्यातल्याला विचारतात, गाडी कधी मिळेल."

आठ वाजता पत्र्याच्या शेडचं दार उघडतं. दारातच उजव्या हाताला त्याची खुर्ची. उशी, पायाखाली लाकडी फळी. तिथून आतली गाडी दिसते आणि रस्ताही दिसतो. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे. कुठला पाना जागेवर नाही ते तो खुर्चीतून सांगू शकतो. सांगतो म्हणजे आकडा बोलतो. आजारानं त्याचे शब्द नेले, पण पान्यांचे नंबर तेवढे राहिले. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, "काका, मुलीचं नाव सांगा बघू." तो खूप वेळ विचार करून म्हणाला, "बारा-तेरा." बाई गोंधळल्या. मुलगी दूरच्या शहरातून फोनवर होती. ती हसली, आणि नंतर करते म्हणत तिनं फोन ठेवला. त्याखेरीज त्याला 'हां' म्हणता येतं, 'नाही' म्हणता येतं आणि 'अगं' म्हणता येतं. एवढ्यावर संसार चालतो, आणि गॅरेजही.

गॅरेज चालतं ते आणखी एका कारणानं. शेजारच्या शेडमध्ये दीर गाड्या रंगवतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो. त्या आवाजात ओरडून घसा बसवण्यापेक्षा मिस्त्रीनं फार पूर्वीच खुणा ठरवल्या होत्या. चुटकी वाजवली की स्पार्क. पोटावर तळवा ठेवला की पेट्रोल. जेवणाचा डबा घेऊन आलेली ती टॉर्च धरायला उभी राहायची आणि त्या खुणा बघायची. बावीस वर्षं तिनं टॉर्च धरला. त्याचा हात कुठे जाणार हे तिला हाताच्या आधी कळायचं, उजेड तिथे आधीच पडलेला असायचा. शिकायचं म्हणून ती काही शिकली नाही. टॉर्च धरता धरता साचत गेलं.

आणि एक रीत. दुरुस्ती झाली की गाडी चालू करायची, मिस्त्रीनं ऐकायचं, त्यानं मान हलवली की बॉनेट बंद करायचं. मान हलल्याशिवाय इथून गाडी जात नाही. आधी हे तो स्वतःच्या कामाला करायचा, आता तिच्या कामाला करतो. गिऱ्हाइकांनाही ते माहीत आहे. घाई असली तरी ती दारातल्या खुर्चीकडे बघत उभी राहतात.

पण गेल्या महिन्यात मान दोनदा चुकली. एकदा त्यानं बॅटरी खराब आहे असं ठासून दाखवलं, आणि निघाली नुसती सैल झालेली वायर. दुसऱ्यांदा त्यानं मान हलवली, बॉनेट बंद झालं आणि गाडी चौकापर्यंत जाऊन बंद पडली. गिऱ्हाईक चांगलं होतं, हसून म्हणालं, "मिस्त्रीचं वय झालं हो." ती हसली नाही. रात्री पाठ टेकली तरी तिला झोप आली नाही.

दिराला हे कळायला वेळ लागला नाही. मधे एक पत्राच तर आहे. तो मनानं वाईट नाही. त्याला शेड हवं होतं हे खरं, मोठ्या गाड्या रंगवायला त्याच्याकडे जागा पुरत नव्हती. पण तिचे हाल बघवत नव्हते हेही खरंच होतं.

"वहिनी, स्पष्ट बोलू का? दादाचं डोकं आता यात चालत नाही. तुम्ही त्याला खुर्चीत बसवता, मान हलवून घेता. देवघरातल्यासारखं. किती दिवस?"

"चालतंय त्यांचं डोकं."

"आणि नाही चालत असं दिसलं तर?"

ती तेव्हा गाडीखाली होती. पाठ फरशीच्या गारव्याला लागलेली, हात वर, कोपरापर्यंत काळे. तिथून तिला दिराच्या फक्त चपला दिसत होत्या. चपलांकडे बघत ती म्हणाली, "भाऊजी, आणखी एकदा चुकले, तर शेड तुमचं. मी स्वतः कुलूप लावीन."

"कधी सांगता?"

"शुक्रवारी संध्याकाळी या."

शुक्रवार म्हणजे आज.

*

डॉक्टरीणबाईंची गाडी दोर बांधून ओढत आणली तेव्हा सव्वानऊ झाले होते. डॉक्टरीणबाई दातांच्या. वय तिशीचं, गाडीचं पंधराएक वर्षांचं. टेम्पोवाल्यानं दोर सोडला आणि तो निघून गेला.

"काकू, घरून निघाले तेव्हा ठीक होती. कोपऱ्यापर्यंत आले, आचके द्यायला लागली, मागून पांढरा धूर आला, आणि बंद. आता नुसती घुर्र घुर्र करते, चालूच होत नाही. माझे तीन पेशंट तोंड उघडून बसलेत हो!"

"त्यांना म्हणावं मिटा थोडा वेळ. चावी मारा बघू."

डॉक्टरीणबाईंनी चावी फिरवली. इंजिन जोरात फिरलं, गरगरलं, पण पकडलं नाही. म्हणजे बॅटरीत जीव आहे, स्टार्टर ठीक आहे. माणूस जागा आहे, डोळे उघडे आहेत, आणि तरी अंथरुणातून उठत नाही, तसं. अशा सकाळी तिलाही माहीत होत्या.

तिनं खुर्चीकडे पाहिलं. मिस्त्री पुढे झुकून ऐकत होता. डावा हात मांडीवर.

"पेट्रोल?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"टाकी फुल आहे. काल संध्याकाळी सासऱ्यांनी गाडी नेली होती, येताना भरून आणली. फार कौतुकानं सांगत होते."

बरं. पेट्रोल आहे. मग ती नेहमीच्या वाटेनं निघाली. आधी डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा: लुकलुकत नाही, म्हणजे चावीची ओळख पटतेय. इंजिन फिरताना फेऱ्यांचा काटा थरथरतोय, म्हणजे फेरे मोजणारा सेन्सरही जागा आहे. स्कॅनर लावला, काहीच तक्रार नाही. मग एक प्लग काढला. तो ओला होता. इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि डॉक्टरीणबाईंना चावी मारायला सांगितली. टचटच निळी ठिणगी पडली. उरलेले तीन प्लग काढले. तिन्ही ओले. ठिणगी सगळीकडे.

ओले प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय आणि जळत नाही. तिनं चारही प्लग ट्रेमधल्या डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं घासले, फडक्यानं कोरडे केले, हवा मारली, परत बसवले. गॅरेजात सगळंच डिझेलनं धुतात. पार्ट, पाने, शेवटी हातही. दुपारपर्यंत तिच्या बोटांची कातडी गुळगुळीत झालेली असते.

पुन्हा चावी. एक ठसका आला, पांढरा धुराचा झोत निघाला, आणि परत नुसती घुर्र घुर्र.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

ती वळली. त्यानं डावा तळवा पोटावर ठेवला होता.

"पेट्रोल आहे हो. टाकी फुल आहे."

"नाही." तळवा पोटावरच.

डॉक्टरीणबाई एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत होत्या. बघण्यात कुतूहल होतं, पण तिला त्यात शंका दिसली. पेट्रोलचा पंप मेला असेल असं नवऱ्याला वाटत असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. मागची सीट उचलली, चावी दिली, कान लावला. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला, जसा थांबायला हवा तसा. इंजिनाकडे येणारी नळी सोडली, तिच्या तोंडाशी रोजचा पत्र्याचा काळा डबा धरला आणि परत चावी मारायला लावली. डब्यात जोरात धार पडली.

ती डबा घेऊन खुर्चीपाशी गेली. "हे बघा. येतंय. भरपूर येतंय. पंप चांगला आहे."

त्यानं डाव्या हातानं डब्याची कड धरली, नाकाशी नेली, आणि मान जोरात हलवली. "नाही, नाही. अगं, नाही." डबा सोडेना.

"सोडा."

"नाही."

तिनं डबा ओढला. गरजेपेक्षा जोरात ओढला. डबा हेलकावला आणि त्याच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ओघळ गेला. सकाळी इस्त्री केलेली बाही.

कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळी थांबला होता. त्यामुळे ती जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. "आता पुरे. कळत नाही तर गप्प तरी बसा."

ही भाषा या शेडमध्ये त्याच्याशी कुणी कधी वापरली नव्हती. त्यानं हात मागे घेतला. डॉक्टरीणबाई मोबाइलमध्ये बघायला लागल्या, बघण्यासारखं काही नसताना बघतात तशा.

पत्र्यापलीकडून दिराचा खोकला आला. नुसता खोकला. ती डबा बाकावर आपटून इंजिनाकडे गेली.

तिसऱ्यांदा, तिच्या मनात आलं. झालं तिसऱ्यांदा.

आणि त्या क्षणी तिला वाईट वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. वाटलं ते असं: उद्या सकाळी सहा बटणं लावून झाल्यावर कुठे जायचं नाही. खिडकीपाशी बसायचं. त्याला तिथे बसवायचं, आपणही बसायचं. पाय वर घेऊन. चहा निवेपर्यंत.

*

डॉक्टरीणबाई रिक्षा करून दवाखान्यात गेल्या. "चारला येते काकू. जमेल ना?"

"बघते."

जमेल असं ती कधी म्हणत नाही. मिस्त्रीही म्हणायचा नाही.

आता एकच गोष्ट राहिली होती. टायमिंगचा पट्टा एक-दोन दात सरकला असेल तर ठिणगी पडते, पेट्रोल येतं, पण चुकीच्या वेळी. इंजिन पकडत नाही. ते बघायचं तर पुढचं चाक काढायचं, पुढची बाजू सोडायची, झाकण काढायचं. दीड-दोन तासांचं काम, तेही दोन माणसं असतील तर. ती एकटी होती. जॅक लावला. बोल्ट गंजलेले. एका बोल्टावर तिनं पान्याला पाइप लावून सगळा भार टाकला तेव्हा तो कुरकुरत हलला, आणि तिच्या खांद्यातूनही तसाच आवाज आला.

"बारा," मागून आवाज आला.

तिनं दहाचा पाना घेतला होता. खरंच तिथे बाराचा लागत होता. तिनं मागे न बघता पाना बदलला. रागावलेला माणूस जेवायला वाढतो तसा तो नंबर सांगत राहिला. "चौदा." मग थोड्या वेळानं, "दहा." ती काढत राहिली.

झाकण निघालं तेव्हा एक वाजून गेला होता. पट्टा जागेवर होता. खूण खुणेला लागलेली, एक दातही इकडेतिकडे नाही.

ती तिथेच, काढलेल्या चाकाला टेकून बसली. काही क्षण तिनं काहीच विचार केला नाही. पत्रा तापला होता. रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. बावीस वर्षं टॉर्च धरला, दोन वर्षं पाने. आता पुढचं पाऊल कुठलं हे सांगणारा माणूस समोर खुर्चीत होता, आणि तिनं त्याला गप्प बसवलं होतं.

जेवायची वेळ झाली. तिनं हात धुतले, आधी डिझेलनं, मग साबणानं. डबा उघडला, स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसली. त्याला घास द्यावे लागत नाहीत, डाव्या हातानं तो जेवतो, पण डबा धरावा लागतो. तो जेवेना. त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी उचलला आणि तिच्यापुढे केला. जड, निर्जीव हात. आणि त्यावरची डागाळलेली बाही.

"कळलं. मळला सदरा. घरी गेल्यावर बदलते."

"नाही."

"मग आत्ता बदलू? इथे?"

"अगं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. पूर्वी एखादी गोष्ट तिला दुसऱ्यांदा समजवायची असली की तो असाच बोलायचा. हात त्यानं तसाच धरून ठेवला. वजनानं त्याचा डावा खांदा थरथरायला लागला, तरी सोडला नाही.

तिनं डबा खाली ठेवला आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला, नुसता थरथर थांबावी म्हणून. तिच्या अंगठ्याखाली बाही आली. बाही ओली होती.

तिनं अंगठा फिरवला. ओली, आणि बुळबुळीत.

काळा डबा सांडला तेव्हा साडेदहा वाजले असतील. आता दीड. तीन तास झाले होते. वर तापलेला पत्रा, दारातून येणारा वारा. पेट्रोल एवढा वेळ थांबत नाही. पेट्रोल सांडलं तर माणूस फडकं आणेपर्यंत उडून जातं, मागे वास तेवढा राहतो.

तिनं बाही नाकाशी नेली. आधी आला तो साबणाचा वास, मग इस्त्रीचा, आणि त्या दोन्हीच्या वर, ओळखीच्या माणसानं नको त्या घरात भेटावं तसा, डिझेलचा.

डिझेल. तिच्या ट्रेमध्ये होतं, फडक्यांत होतं, नखांत होतं, केसांत होतं. सकाळी तोच डबा तिनं हातभर अंतरावर धरला होता, त्या नळीखाली तिची बोटं भिजली होती, आणि तिला काहीही कळलं नव्हतं. या शेडमध्ये डिझेलचा वास येतो असं तिच्या नाकानं सांगणंच कधीचं सोडून दिलं होतं. त्याच्या नाकानंही बावीस वर्षं सांगितलं नसणार. पण गेली दोन वर्षं तिनं त्याला रोज साबणानं धुतलं होतं. त्याच्या अंगाला आता साबणाशिवाय कशाचा वास राहिला नव्हता. गॅरेज त्याच्या अंगातून निघून गेलं होतं, म्हणून ते त्याच्या नाकाला परत लागलं.

"डिझेल भरलंय," ती म्हणाली.

"हां," मिस्त्री म्हणाला. त्यानं खांदा सैल सोडला आणि डबा मागितला. त्याला भूक लागली होती.

*

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"ताई, सासरेबुवांना विचारा, टाकीत काय भरलंत."

"म्हणजे? पेट्रोलच ना. थांबा, ते घरीच आहेत. जोडते त्यांना."

काही खरखर झाली, मग एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "हॅलो! कोण? हां हां, मीच भरलं. फुल्ल!"

"बाबा, काय भरलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय म्हणजे? जे भरतात ते."

"डिझेल भरलंत का?"

"अगं, मी तीस वर्षं ट्रक चालवलाय. मला शिकवतेस काय भरायचं ते?"

"बाबा, माझी गाडी पेट्रोलची आहे."

पलीकडे घसा खाकरला गेला. मग म्हातारा म्हणाला, "मग गाडीवर तसं मोठ्या अक्षरात लिहायला नको? आणि तो पंपवाला काय झोपला होता का?"

मिस्त्री फोनमधलं ऐकत होता. त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी नुसती सोबतीला थांबली.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण सोपं. झाकण, पट्ट्याची बाजू, चाक, जे उगीच काढलं ते सगळं परत बसवायचं. टाकी रिकामी करायची, नळ्या धुवायच्या, फिल्टर बदलायचा, कोरडे प्लग लावायचे, चांगलं पेट्रोल घालायचं. ते सगळं करताना ती बोलली नाही. सकाळी जे बोलली होती ते अजून शेडमध्ये कुठेतरी पडलेलं होतं, आणि ते उचलायचं कसं हे तिला कळत नव्हतं. तो नंबर सांगत राहिला. लागत नव्हते तरी तिनं प्रत्येक वेळी पाना त्याच्या नंबराप्रमाणे हातात घेऊन दाखवला.

दुसरंही एक होतं, ते तिला त्याहून जड होतं. प्लग बुळबुळीत लागले होते. पांढरा धूर तिनं डोळ्यांनी बघितला होता. काल दुसऱ्याच माणसानं टाकी भरली हे कानांनी ऐकलं होतं. त्यानं पोटावर हात ठेवला होता. टॉर्च धरणाऱ्या बाईलाही एवढ्यावरून कळलं असतं. तिला कळलं नाही, कारण तिला तो चुकायला हवा होता. हे ती कुणालाच सांगणार नव्हती. पण फिल्टरचा बोल्ट आवळताना तिनं ते स्वतःशी एकदा नीट म्हणून घेतलं.

पावणेपाचला चावी मारली. इंजिन फिरलं, शिंकलं, थोडा वेळ काळ्या-पांढऱ्या धुराची चूळ भरली, आणि पकडलं. आधी अडखळत, मग सरळ. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. चारपासून येऊन थांबलेल्या डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला लागल्या, पण तिनं हातानं थांबवलं. बराच वेळ गेला. मग त्याची मान हलली, आणि तिनं बॉनेट बंद केलं.

"काका, तुम्ही तर कमाल केलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाडी कशी वाटतेय आता? पुन्हा नाही ना बंद पडणार?"

तब्येत कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

गाडी गेल्यावर दीर आला. मास्क गळ्यात, हातावर निळ्या रंगाचे ठिपके. सकाळचं सगळं त्यानं पत्र्यापलीकडून ऐकलं होतं, दुपारचंही बरंचसं. तरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

"मग वहिनी? शुक्रवार आहे."

मिस्त्रीनं भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शुक्रवारचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ती चाकाच्या जुन्या टायरवर बसली होती. उठायचं तिच्या जिवावर आलं होतं. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी भाऊजींना म्हटलं होतं, तुम्ही आणखी एकदा चुकलात तर शेड त्यांना देईन. तुम्हाला न विचारता म्हटलं. सकाळी वाटलं, चुकलात. म्हणून तसं बोलले."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला, दिराला अवघडल्यासारखं होईपर्यंत.

"जाऊ दे ना वहिनी," दीर म्हणाला, "मी काय आजच मागत नव्हतो. पण तुमच्या तब्येतीचं तरी बघा. आज तुम्ही सगळी गाडी उगीच खोलली. उद्या परत आठ वाजता?"

"आठ वाजता."

"आणि परवा?"

"परवा रविवार आहे, भाऊजी. रविवारी मी झोपणार आहे. आणि सोमवारपासून हाताखाली एक माणूस बघते. चाकं काढायला, बोल्ट सोडायला. माझा खांदा आता ते करणार नाही. शेड मात्र राहील. यांचं चालतंय."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाय होते तेवढेच जड राहिले. आनंद व्हायला अंगात थोडा जोर लागतो, आणि आजचा सगळा त्या गंजलेल्या बोल्टांना लागला होता.

दिरानं शेडच्या लांबीरुंदीवरून एकदा नजर फिरवली, मोठी गाडी कुठवर येईल हे मनात मोजून ठेवलेल्या माणसासारखी, आणि मग मास्क काढून खिशात घातला.

"काय मदत करू?"

ती टायरवर हात टेकून उठली. घर चारशे पावलांवर होतं. रोज ती त्याला एकटीच न्यायची, उजव्या बाजूनं, त्याचा सगळा भार आपल्या डाव्या खांद्यावर घेऊन. आज तो खांदा वर होत नव्हता.

"या, त्या बाजूनं धरा," ती म्हणाली. "बाही ओली आहे, हाताला लागेल. खालून धरा, काखेतून. आणि घाई करू नका, ते त्यांच्या चालीनं चालतात."

दिरानं धरलं. मिस्त्री उठला. तिघंही जरा तोल सावरत थांबले, आणि मग रस्त्याला लागले.